आठशे रुंदीतली मंगल

बुधवारी सकाळी तू दुकान उघडलंस, कॉम्प्युटर सुरू केलास आणि खुर्चीवरून खाली पडलीस. शेजारच्या पंक्चरवाल्याने तुझ्या नवऱ्याला, दाजींना, बोलावलं. तुला चाकणला दवाखान्यात नेलं. दुपारी मला दाजींचा फोन आला. ते म्हणाले, "मंगल गेली." मी विचारलं, "कुठे?"

मी आकुर्डीला, कॉलेजच्या ग्रंथालयात माझ्या टेबलाशी होते. समोर एक मुलगी पुस्तक परत करायला उभी होती. मी तिचं पुस्तक घेतलं, शिक्का मारला, पुस्तक मागच्या गाड्यावर ठेवलं. मग मला कळलं.

आपल्या रानफुलांच्या फोरमवर तुझ्या नावाचा धागा दुसऱ्याच दिवशी निघाला. ज्यांनी तुला एकदाही पाहिलं नाही अशी माणसं लिहीत आहेत. कुणी लिहितं, माझा पहिला फोटो मंगलताईंनी चढवून दिला. कुणी लिहितं, मी सत्तरीत हे शिकलो ते त्यांच्यामुळे. प्रशासकांनी मला वेगळा निरोप पाठवला: तुम्ही त्यांना जवळून ओळखत होतात, तुम्ही सविस्तर लिहा, आणि जमलं तर त्यांचा एखादा फोटो जोडा. मी लिहायला बसले. लिहिण्याच्या चौकटीखाली ती नेहमीची ओळ होती, जी तू आम्हा सगळ्यांकडून पाठ करून घेतली होतीस. फोटोची रुंदी आठशे पिक्सेलपेक्षा जास्त नसावी. मी तिथेच थांबले. म्हणून हे आधी कागदावर लिहिते आहे. कागदाला मर्यादा नाही, आणि त्यावर फोटोही चढवायचा नाही.

तिसऱ्या दिवशी तुझ्या निखिलचा फोन आला. पोरगा कंपनीतून रजा घेऊन सगळं एकटा बघत होता.

"मावशी, तुमच्याकडं आईचा मोठा फोटो हाय का?"

"मोठा म्हणजे?"

"ओरिजिनल. दहाव्याला फ्लेक्स लावायचाय गावात. फ्लेक्सवाला म्हणतोय, असला बारका देऊ नका, मोठा केला की फुटतोय. भिंतीवर लावायला पण एक पाहिजे. अण्णा सारखं विचारत्यात."

मी म्हणाले, माझ्याकडे एकच आहे, तेरड्याच्या फुलांपाशी काढलेला, आणि तो आठशेचा आहे.

"आमच्याकडं बी सगळे तसलेच," तो म्हणाला. "आईनं अख्खा फोन गोल्टी करून ठेवलाय, मावशी."

एवढं बोलून तो हसला.

म्हणजे मंगल, तुझ्या घरच्यांना तुझा चेहरा हवा होता, भिंतीवर लावता येईल एवढा, आणि तो कुठेच नव्हता. दहावा येईपर्यंत मी दुसरं काही केलं नाही. तोच शोधत होते.

गोल्टी हा बारक्या कांद्याचा शब्द फोटोंना तूच लावलास. मला आठवतं, टाळेबंदीत ग्रंथालय बंद होतं आणि मी आठवड्यातून एकदा कपाटं बघायला जात असे. वापर नसल्यामुळे पार्किंगच्या फरशांमधून गवत वर आलं होतं, आणि त्यात एक निळं फूल होतं, दोनच पाकळ्यांचं. मी त्याचा फोटो काढला आणि पुढची सगळी दुपार तो फोरमवर चढवण्यात घालवली. फाइल मर्यादेपेक्षा मोठी आहे. फाइल मर्यादेपेक्षा मोठी आहे. शेवटी मी मदतीच्या विभागात माझ्या सवयीप्रमाणे सविस्तर, नम्र असा परिच्छेद लिहिला. त्याखाली 'निघोजेकरीण' या नावाने उत्तर आलं: "ताई, अख्खा डोंगर कशाला उचलून आणताय? एक टोपली माती आणा. फोटो मला मेलवर पाठवा."

मी पाठवला. चहा होईपर्यंत माझ्या धाग्यात ते फूल दिसायला लागलं, लहान आणि स्वच्छ. खाली तुझी ओळ होती. "केना आहे हा. आमच्याकडं भाजी करतात. आणि फोन सरळ धरत जा, माझी मान मोडली."

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी इतक्या लवकर चिडवलं होतं. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

त्यानंतर तू तो मदतीचा धागा लिहिलास, जो आजही फोरमवर सगळ्यांत वर चिकटवलेला आहे. लोक त्याची वाक्यं एकमेकांना ऐकवतात. कांदा चाकणच्या मार्केटला न्यायच्या आधी निवडतात, तू लिहिलं होतंस. एक नंबर, दोन नंबर आणि गोल्टी. तुमचा फोन काढतो तो फोटो एक नंबर. छापायला दोन नंबर पुरतो. आपल्या फोरमचं पोतं लहान आहे, इथं फक्त गोल्टी घेतात. गोल्टी म्हणजे वाईट नाही, लहान. आधी रुंदी आठशे करा, उंची आपोआप होते, तिला हात लावू नका, नाहीतर माणूस चेपतो. मग सेव्ह करा. मग चढवा. चढला नाही तर मला हाक मारा, रडू नका.

कोकणातल्या नानांनी तेव्हा तुला विचारलं होतं, आमच्याकडे कांदा होत नाही, आम्ही काय करायचं. तू लिहिलंस, "मासळीचे लहान-मोठे वाटे करता न्हवं? तसं."

तुझं दुकान मी पहिल्यांदा पाहिलं ते पुढच्या वर्षी. निघोजे फाट्यावर, एका बाजूला पंक्चरचं, दुसऱ्या बाजूला वडापावचं, मध्ये तू. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो. आत पांढरा पडदा, एक स्टूल, खिळ्याला अडकवलेला काळा कोट. शिफ्ट सुटली की कंत्राटावरची पोरं रांगेने यायची आणि तो एकच कोट प्रत्येकाच्या अंगावर चढायचा. तो कुणालाच बसत नसे, पण छातीपर्यंतच्या फोटोत ते कळत नसे. त्या दिवशी बिहारचा एक तरुण स्टुलावर बसला होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं.

"हसना नहीं भैया," तू त्याला दटावत होतीस. "फॉर्म का फोटो है, शादी का नहीं."

तो आणखी हसला. तू फोन खाली केलास आणि त्याचं हसून होईपर्यंत थांबलीस. मग मला म्हणालीस, "माणसाचं तोंड पन्नास केबीत बसवायचं आणि सही वीस केबीत. हा माझा धंदा, सुजाताताई. फोरमचं आठशे म्हंजे मला लई ऐसपैस वाटतं."

त्याच दिवशी तू मला घरी नेलंस. तुझ्या सासूबाईंनी माझं आडनाव विचारलं, मग चहा आला, आणि माझा कप बाकीच्यांपेक्षा वेगळा होता. तू माझ्यासमोरचा कप उचलून तुझ्याकडे घेतलास आणि तुझा माझ्यापुढे ठेवलास. मग चहा पीत पीत फोरमवरच्या नानांची गंमत सांगत राहिलीस, सासूबाईंकडे न बघता. त्याविषयी आपण नंतर कधीच बोललो नाही. मी बोलणार होते. कसं बोलावं याचा मी बरीच वर्षं विचार करत होते, आणि मला वाटायचं की घाई नाही. त्या दिवसापासून तू मला सुजे म्हणायला लागलीस. माझ्या घरातही मला असं कुणी म्हणत नसे.

माझे बाबा गेले तेव्हा मी तुझ्याचकडे आले होते. मराठवाड्यातून आलेला माणूस, सगळी उमर इथल्या एका कारखान्यात गेली, आणि फोटो काय तर कंपनीच्या पासावरचा, नखभर. मला तो मोठा करून बुद्धांच्या तसबिरीखाली लावायचा होता. तू पास हातात घेतलास, बराच वेळ बघितलास.

"वाढवून देता येतो," तू म्हणालीस. "मशीन देतं. पण सुजे, कमी करायचं म्हंजे हाय त्यातलं काढायचं. वाढवायचं म्हंजे जे न्हाईच ते आणायचं. ते कुठनं आणणार? मशीन मनाचं घालतं."

मी म्हणाले, बघू तरी. तू करून दाखवलंस. पडद्यावर एक गृहस्थ आले, भरघोस मिशांचे, गुळगुळीत कपाळाचे.

"हे बाबा हायेत का तुझे?"

"नाही."

"मग?"

तू तो फोटो होता त्याच मापाचा छापलास. मोठी चौकट आणलीस आणि आत पांढऱ्या जाड कागदाचा असा रुंद काठ कापून बसवलास की मधोमध एवढंसं तोंड राहिलं. मी म्हणाले, लांबून दिसणार नाही. तू म्हणालीस, "न दिसू दे. ज्याला बघायचंय तो जवळ येईल." आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा आता त्या भिंतीपाशी जाऊन वाकतो. बाबांना हयातीत कुणी एवढं निरखून पाहिलं नसेल.

तेरड्याचा फोटो त्यानंतरच्या भाद्रपदातला. कंपनीच्या कुंपणभिंतीच्या पायथ्याशी तेरडा फुलला होता, आणि तो फोरमसाठी काढायचा म्हणून तू मला सकाळी बोलावलं होतंस. ती भिंत तुमच्याच जुन्या रानातून गेली आहे. तू चालता चालता हाताने दाखवत होतीस.

"इथं आमची विहीर व्हती. आता तिच्यावर त्यांचं कँटीन हाय."

"वाईट वाटतं का?"

"जेवण बरं असतं म्हणत्यात."

मग तू तेरड्यापाशी उकिडवी बसलीस. तुझ्या प्रत्येक फुलाच्या फोटोत तुझं एक बोट असायचं, फूल केवढं आहे ते कळावं म्हणून. विळा लागून वाकडं झालेलं ते बोट फोरमवर सगळ्यांच्या ओळखीचं होतं. चेहरा मात्र कुणी पाहिला नव्हता, कारण फोन नेहमी तुझ्याच हातात. त्या दिवशी मी माझा फोन काढला आणि तुला हाक मारली. तू वर बघून हसलीस, समोरचा अर्धा तुटलेला दात दिसेल एवढं. मी बटण दाबलं.

"बघू," म्हणून तू फोन घेतलास. "अगं बाई, केवढी मोठी दिसतीया मी." आणि तिथेच उभ्या उभ्या तो फोटो आठशेचा करून टाकलास, त्याच नावावर, मूळ फोटोच्या जागी, जसा तू दिवसातून कितीतरी वेळा कुणाचा ना कुणाचा करायचीस. मी म्हणाले, "मूळ ठेवायचास ना." तू म्हणालीस, "कशाला? जागा खातं. जेवढं दाखवायचं तेवढंच ठेवायचं." मग फोरमवर चढवलास. खाली ओळ लिहिलीस: "तेरडा. सोबत एक तण."

तिथून आपलं भांडण सुरू झालं. ते मिटलंच नाही. मी म्हणायची, लहान प्रत ही प्रत असते, मूळ ते मूळ. तू म्हणायचीस, कोण बघतं मूळ. मी म्हणायची, आज कोणी बघत नसेल. तू म्हणायचीस, मग ज्याला बघायचं त्यानं आज यावं. या उन्हाळ्यात तुझा फोन भरला. तू त्यातले सगळे फोटो दुकानाच्या कॉम्प्युटरवर घेतलेस, एका दमात सगळे आठशेचे केलेस, परत फोनमध्ये भरलेस, आणि फोरमवर अभिमानाने जाहीर केलंस की आता पोतं निम्म्याहून रिकामं. सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं टाकली. मी विचारलं, मूळ प्रती कुठे आहेत.

"कुठं म्हंजे? काढल्या."

मी मोठा प्रतिसाद लिहिला. ग्रंथालयात शेवटची प्रत कधी रद्दीत काढत नाहीत, पानं गळाली तरी बांधून ठेवतात, असं काहीतरी. तू उत्तर दिलंस, "तुझ्या लायब्ररीत जागा हाय. माझ्या फोनमध्ये न्हाई." त्या धाग्यावर आपलं पुढे बरेच दिवस चाललं. तुझा शेवटचा निरोप मंगळवारचा आहे. "लिहून लिहून बोटं दुखली. रविवारी ये, समोरासमोर भांडू. येताना ब्रेड आण, पॅटिस करते."

रविवारी मी आले. ब्रेड आणला नाही.

निखिलने शटर अर्धं वर केलं आणि आम्ही वाकून तुझ्या दुकानात शिरलो. कोट खिळ्याला होता. कॉम्प्युटर त्याने बुधवारी तसाच बंद केला होता, तो सुरू केला. तुझ्या घरचा फोल्डर सापडला: लग्नं, बारशी, निखिलचा निकाल, शेरडांची पिल्लं. प्रत्येक फाइल आठशे रुंद. बहुतेकात तू नव्हतीस. होतीस तिथे कडेला, पाठमोरी, किंवा कुणाच्या तरी खांद्याआड. तुझ्या लग्नाचा अल्बम होता, पण त्यातली वीस वर्षांची मुलगी बघून निखिल म्हणाला, "ही मला माहीतच न्हाई." आधार कार्डावरचा फोटो त्याने नुसता पुढे सरकवला. तो तुला दाखवला की तू म्हणायचीस, ती कोण बाई आहे, तिला आत घेऊ नका.

मग त्याने गिऱ्हाइकांचा फोल्डर उघडला. ते सगळे मूळ मापाचे होते. पुन्हा लागतात म्हणून तू त्यांना हात लावला नव्हतास. लातूरची, बीडची, बिहारची, ओडिशाची पोरं, एकामागून एक, सगळी त्याच काळ्या कोटात. एवढे मोठे फोटो की पापण्यांचे केस मोजता यावेत. यातली बरीच कंत्राट संपल्यावर निघून गेली असतील, कुठे ते त्यांच्या घरच्यांनाही माहीत नसेल. तो हसणाराही होता. निखिल त्यांच्याकडे बघत बसला.

"ह्यांचे सगळे एक नंबर ठेवलेत," तो म्हणाला. "आपलेच गोल्टी."

तूच मला सांगितलं होतंस, चांगला कांदा मार्केटला जातो, घरी खायला गोल्टी ठेवतात. लहानपणापासून घरात हेच बघितलं, मोठा कांदा घरात चिरला तर आई रागवायची. ते सांगताना तू हसली होतीस. मीही हसले होते. त्या दुकानात बसून मला तुझा राग आला, मंगल. गेलेल्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात. मला आला. अजून पुरता गेलेला नाही.

दोन दिवसांनी निखिलने सांगितलं की त्याच्या मित्राकडे एक ॲप आहे, फोटो मोठा करतं, अजिबात फुटत नाही. त्याने तेरड्याचाच फोटो दिला होता. मी म्हणू शकले असते, तुझी आई याला काय म्हणायची ते. पण त्याचा आवाज ऐकून माझ्याच्याने म्हणवेना.

दहाव्याला मी सकाळीच आले. गावाच्या तोंडाशी, वाढदिवसांचे आणि निवडीच्या अभिनंदनाचे फ्लेक्स लागतात तिथे, तुझा लागला होता. भावपूर्ण श्रद्धांजली, खाली भावकीतल्या सगळ्यांची नावं, आणि वर, माणसाच्या उंचीएवढा, एका बाईचा चेहरा. कातडी सायीसारखी. कुंकू बरोबर मधोमध. डोळे मोठे, पाणीदार, थेट समोर बघणारे, त्यात उजेडाचा एकेक ठिपका. आणि दात पूर्ण. दुधासारखे, एका ओळीत, सगळेच्या सगळे.

लोक नदीवर जाताना तिथे थांबत होते, हात जोडत होते. दाजी आले. ते फ्लेक्ससमोर उभे राहिले, मग दोन पावलं मागे गेले.

"कुणाचा लावलाय ह्यो?" त्यांनी विचारलं.

"अण्णा, आईचाच हाय," निखिल म्हणाला. "मोठा केलाय."

"दात?"

मागून एक म्हातारी पुढे आली, फ्लेक्सकडे बघून म्हणाली, "लई ग्वाड फोटो आलाय गं बाई पोरीचा," आणि डोळ्यांना पदर लावला. दाजी तिच्याकडे बघत राहिले. मग नदीच्या वाटेला लागले, आणि परतताना त्या बाजूने आले नाहीत.

निखिल मला बसस्टॉपवर सोडायला आला होता. बस येईपर्यंत तो गाडीवर बसून राहिला. मग म्हणाला, "मावशी, मला कळत व्हतं. पण दुसरा न्हवता ना." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. एवढाच आधार मला देता आला. तू असतीस तर काहीतरी बोलून त्याला हसवलं असतंस.

पुढच्या आठवड्यात मी आकुर्डीतल्या एका फोटोच्या दुकानात तेरड्याचा फोटो घेऊन गेले. मी सांगितलं, फुटणार नाही एवढाच छापा.

"मॅडम, हा फार लहान येईल," दुकानदार म्हणाला. "मोठा करून देतो ना. आता सगळं होतं."

"नको."

"चेहरा दिसणार नाही हो."

"दिसेल."

तो तळहातापेक्षाही लहान आला, आणि त्यात तेरडा, भिंत, आभाळाचा तुकडा आणि तू. मी मोठी चौकट घेतली, पांढरा जाड कागद घेतला, आणि तू बाबांसाठी केला होतास तसा रुंद काठ कापला. माझा हात तुझ्यासारखा चालत नाही. एक कड तिरकी गेली आहे.

निघोज्याला गेले तेव्हा फ्लेक्स उतरवलेला होता. मागे कडब्यावर टाकला होता, छापलेली बाजू खाली. दाजींनी चौकट घेतली, चष्मा लावला, दारात उजेडाला नेली आणि अगदी नाकाजवळ धरली. आत तुझ्या सासूबाईंनी चहा ठेवला होता. त्यांनी तो आणला तेव्हा कप सगळे सारखे होते. हे तुला सांगायचं राहून जाऊ नये.

"हां," दाजी म्हणाले. "ही हाय."

मग त्यांनी विचारलं, "कुणाकडं बघतीया?"

मी सांगणार होते, माझ्याकडे. मी हाक मारली होती आणि तिने वर बघितलं. इतकी वर्षं मी तेच धरून चालले होते. पण त्यांनी विचारलं आणि मला खात्रीने सांगता येईना. माझ्या मागे कंपनीचं फाटक होतं, आणि त्या वेळी पहिल्या शिफ्टची बस आत वळत होती, हे मला आता आठवतं. निखिल तेव्हा त्याच बसने जायचा. मी दाजींना म्हणाले, "नीट कळत नाही." त्यांनी मान हलवली आणि चौकट भिंतीला टेकवून ठेवली, खिळा ठोकायचा होता म्हणून.

घरी येऊन मी ती फाइल उघडली आणि मोठी करत गेले. एका मापापर्यंत तू असतेस. त्यानंतर चौकोन सुरू होतात, तपकिरी, जरा गडद तपकिरी, काळा. कितीही वेळा केलं तरी तेवढंच. मूळ फोटोत ते असणार, बुबुळं कुठे वळली आहेत ते. ते मी तेव्हा पाहिलंही असेन, तू फोन माझ्या हातातून घेण्याआधी, क्षणभर. मला आठवत नाही.

तू म्हणायचीस, जेवढं दाखवायचं तेवढंच ठेवायचं. मी म्हणायची, मूळ ठेव. मला वाटलं होतं रविवारी मी जिंकेन. आता माझं म्हणणं बरोबर ठरलं आहे, आणि त्याने माझं काही भागत नाही.

फोरमवर मी अजून काही चढवलेलं नाही. कोकणातले नाना रोज येऊन विचारतात, सुजाताताई, फोटो चढत नाहीये का, मदत करू का.

निखिल कामावर परत रुजू झाला आहे. दुकान बंद आहे. दाजींच्या भिंतीवर ती चौकट आहे, आणि माझ्याकडे ती फाइल आहे, आठशे रुंद. त्यात तुझं तोंड नखाएवढं आहे, आणि दात तुटलेला आहे. डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके आहेत. तू कुणाकडे बघत होतीस, ते त्यातून कळत नाही.